ले. जन. एस. पी. पी. थोरात – फॉरवर्डमध्ये खरं किती आणि मीठमसाला किती?

पायवाट:
नमस्कार मंडळी. आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी एक लांबलचक फॉरवर्ड टाकलाय. त्यात लिहिलंय की कोल्हापूरकडचे जनरल थोरात यांनी १९५९ सालीच चीन हल्ला करणार हे लिहून दिलं होतं, म्हणून त्यांना नोकरीवरून काढून टाकलं, आणि ते लष्करप्रमुख झाले असते तर बासष्टला आपणच ल्हासापर्यंत गेलो असतो वगैरे वगैरे. शेवटी नेहमीचं, हे पुस्तकात शिकवत नाहीत, दहा जणांना पाठवा. थोरातांचं नाव कानावर होतं पण त्यापलीकडे मला शून्य माहिती. नेटवर शोधलं तर सगळीकडे बासष्ट बासष्ट बासष्ट. अरे पण माणूस १९२६ ला सैन्यात गेला आणि १९६१ ला रिटायर झाला, मधली पस्तीस वर्षं काय करत होता ते कुणी लिहीतच नाही! भाचीला शाळेत महाराष्ट्रातल्या सेनानींवर बोलायचंय, तिला हेच नाव सुचवलंय मी, त्यामुळे फॉरवर्डवर भरवसा ठेवून चालणार नाही. जाणकारांनी प्लीज सांगा, खरंच काढलं होतं का, आणि तो इशारा म्हणजे नेमकं काय होतं?

जुनाबाड:
चांगला धागा. काढलं बिढलं काही नाही, मे १९६१ मध्ये ते रीतसर निवृत्त झाले. त्यावर कुणीतरी लिहीलच, मी तुमच्या पस्तीस वर्षांकडे येतो कारण मला तीच जास्त भारी वाटतात.

पूर्ण नाव शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, जन्म १९०६. सँडहर्स्टला शिकले. तेव्हा डेहराडूनची अकादमी नव्हतीच (ती १९३२ ची), अधिकारी व्हायचं तर इंग्लंडला जा, आणि त्यातही भारतीयांना जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. परत आल्यावर यांना कुठल्याही पलटणीत जाता येत नव्हतं. इंग्रजांनी आठ ठरावीक पलटणी भारतीय अधिकाऱ्यांसाठी बाजूला काढल्या होत्या, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याला काळ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करायची वेळ येऊ नये हा त्यातला सरळ हिशोब. थोरात गेले १/१४ पंजाबमध्ये (म्हणजे १४व्या पंजाब रेजिमेंटची पहिली बटालियन), जी त्या आठांपैकी एक.

आता ही पलटण बघा काय चीज होती. याच पलटणीत अयुब खान होते, तेच पुढे पाकिस्तानचे लष्करप्रमुख आणि मग राष्ट्राध्यक्ष झालेले. याच पलटणीचे मोहन सिंग, ज्यांनी पहिली आझाद हिंद सेना उभी केली. शाहनवाज खान आणि गुरबक्षसिंग ढिल्लों, ज्यांच्यावर लाल किल्ल्यात खटला चालला, ते पण इथलेच. एका मेसमध्ये जेवणारी माणसं आणि प्रत्येकाची वाट वेगळी. थोरात मलायाला नव्हते म्हणून ते जपान्यांच्या कैदेत सापडले नाहीत, नाहीतर आझाद हिंद सेनेत जायचं का, हा प्रश्न त्यांच्यापुढेही उभा राहिला असता. पलटण फाळणीत पाकिस्तानला गेली, म्हणजे ज्या पलटणीत उमेदीची वर्षं काढली तीच एका रात्रीत समोरच्या बाजूला.

पण लढाईतलं खरं नाव झालं ते ब्रह्मदेशात. जानेवारी १९४५, आराकान किनाऱ्यावरचं कांगाव. जपानी सैन्य मागे हटत होतं आणि त्यांचा रस्ता तोडायचा म्हणून आपल्या ५१ नंबरच्या ब्रिगेडला खाडीतून बोटीने आणून चिखलात उतरवलं. या ब्रिगेडच्या तिन्ही बटालियनचे कमांडर भारतीय होते, ही त्या काळात फार म्हणजे फार मोठी गोष्ट, कारण भारतीय माणूस कंपनीपर्यंत ठीक, लढाईत बटालियन त्याच्या हाती कशी द्यायची, असं उघड बोललं जायचं. तिघे कोण तर थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. थोरातांकडे २/२ पंजाब. त्यांच्या वाट्याला जी टेकडी आली तिला नकाशावर मेलरोज असं नाव दिलेलं होतं, वर जपानी खंदक खणून बसलेले, आधीचे हल्ले तिथे अडकलेले. २९ जानेवारीला २/२ पंजाबने ती घेतली, शेवटी संगिनीवर आलं. तिघांनाही डीएसओ (इंग्रजांचं शौर्यपदक) मिळाला.

ही तीन नावं लक्षात ठेवा, बासष्टच्या गोष्टीत तिन्ही परत येतात.

सदाफुली:
जुनाबाड, नेहमीप्रमाणे मस्त. बोटीतून चिखलात उतरलेले तिघे आणि पुढे तिघेही जनरल! पायवाट, भाचीला कोरियाचं सांगा ना, ते मुलांना आवडेल. मला थोडंच माहीत आहे, युद्धकैद्यांचं काहीतरी होतं आणि एका ओलीस धरलेल्या अधिकाऱ्याला थोरातांनी स्वतः जाऊन सोडवलं होतं. कुणी नीट लिहा.

तोफखाना_निवृत्त:
मी लिहितो. मी स्वतः सैन्यात होतो, अर्थात यांच्या फार नंतर, पण कोरियाची गोष्ट आमच्याकडे जुने लोक सांगायचे.

जुलै १९५३ ला कोरियात युद्ध थांबलं पण कैद्यांचं घोडं अडलं. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियाचे कैदी असे होते की जे म्हणत होते आम्हाला घरी जायचं नाही. दुसऱ्या बाजूकडेही साडेतीनशेच्या वर, त्यात काही अमेरिकन सुद्धा. आता हे खरंच नको म्हणतायत की कुणी धाकदपटशाने म्हणायला लावतंय, हे ठरवायला तटस्थ देशांचं कमिशन नेमलं. अध्यक्ष थिमय्या. आणि मधल्या काळात या सगळ्यांना सांभाळायचं काम भारताच्या कस्टोडियन फोर्सकडे, तिचे कमांडर मेजर जनरल थोरात. आपले जवान पाच-सहा हजार. म्हणजे एका जवानामागे चार कैदी, आणि ते कैदी म्हणजे साधे लोक नव्हेत, लढलेले, आतमध्ये आपापल्या टोळ्या आणि म्होरके असलेले, जो घरी जायचं म्हणेल त्याला रात्रीत संपवणारे.

सुरुवातच बघा कशी झाली. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री म्हणाले भारतीय सैनिकाचा पाय माझ्या जमिनीवर पडता कामा नये. मग काय, इंचॉनच्या बंदरात जहाज, जहाजावरून हेलिकॉप्टर, आणि हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात. अख्खी फौज अशी नेली. तिथल्या छावणीला आपल्या लोकांनी नाव दिलं हिंद नगर.

आणि सदाफुलीताई म्हणतायत तो प्रसंग सप्टेंबर १९५३ चा. चिनी कैद्यांनी आपल्या एका मेजरला कंपाउंडच्या आत ओढून नेलं आणि धरून ठेवलं. बाहेर रायफली रोखलेले जवान. गोळीबाराचा हुकूम दिला असता तर मेजर गेला असता, शिवाय शेकडो कैदी मेले असते आणि तटस्थ भारत हे सगळं प्रकरण तिथेच बाराच्या भावात गेलं असतं. थोरात हत्याराशिवाय आत गेले. कमांडर स्वतः! आत जाऊन त्यांच्या म्होरक्यांशी बोलले आणि मेजरला बाहेर घेऊन आले. सैन्यात हे सोपं वाटत नाही कुणाला, कारण कमांडरने असं आत जायचंच नसतं, तोच सापडला तर पुढे कोण? पुस्तकी नियमाने हे चूकच आहे. पण दुसऱ्या कुणाला पाठवून हे काम झालं नसतं असं माझं मत.

सगळं गोडच होतं असंही नाही हं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कैदी तारा तोडून अंगावर आले तेव्हा आपल्या जवानांना गोळी चालवावी लागली, काही कैदी मेले. दक्षिण कोरियाने केवढा गहजब केला. अमेरिकन खूश नाहीत, चिनी खूश नाहीत, एक बाजू म्हणते तुम्ही यांना धाकात ठेवता, दुसरी म्हणते तुम्ही यांच्या म्होरक्यांना मोकळं सोडता. जानेवारी १९५४ मध्ये मुदत संपली आणि कैदी ज्यांच्याकडून ताब्यात घेतले होते त्यांच्याकडे परत केले. ८८ जण असे निघाले की ज्यांना ना हा देश हवा ना तो, ते आपल्या सैन्याबरोबर जहाजाने मद्रासला आले, त्यातले बरेच नंतर ब्राझील अर्जेंटिनाकडे गेले.

लढाई जिंकणं एक वेळ सोपं, पण कुणाशीच लढायचं नाही आणि तरी चार महिने बावीस हजार माणसं आवरायची, याला वेगळीच छाती लागते.

पायवाट:
बापरे, हे काहीच माहीत नव्हतं! भाचीचं भाषण इथेच पूर्ण झालं म्हणायचं. पण काकांना उत्तर द्यायचंय त्यामुळे बासष्टवर या ना कुणीतरी.

आकडेमोड:
येतो. फॉरवर्डचे तुकडे करून बघू.

थोरात १९५७ पासून ईस्टर्न कमांडचे प्रमुख, मुख्यालय तेव्हा लखनौला. नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल, सुरुवातीला लष्कराकडे नव्हताच, आसाम रायफल्स बघायची. ऑगस्ट १९५९ ला नेफाच्या सरहद्दीवर लोंगजूला चिन्यांशी चकमक झाली आणि मग ती सरहद्द लष्कराच्या गळ्यात मारली. थोरातांनी त्याच ऑक्टोबरमध्ये एक टिपण दिल्लीला पाठवलं की ही सरहद्द राखायची तर काय लागेल. तेव्हाचे लष्करप्रमुख थिमय्यांनी ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवलं, आणि मेनन यांनी ते उगाच घाबरवणारं म्हणून बाजूला सारलं. मग मार्च १९६० मध्ये थोरातांनी लखनौला एक्सरसाइज लाल किला नावाचा लष्करी सराव घेतला, त्यात चीनने जोर लावला तर काय होईल ते मांडून दाखवलं. इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर आहे.

आता काढून टाकलं हे खोटं. लष्करप्रमुख केलं नाही हे खरं. मे १९६१ ला थिमय्या निवृत्त झाले, त्यांनी थोरातांची शिफारस केली होती, सरकारने पी. एन. थापर यांना निवडलं. पण इथे लोक एक गोष्ट सोयीस्कर विसरतात, थापर थोरातांपेक्षा काही महिन्यांनी सीनियर होते. म्हणजे डावललं असं जे म्हणतात ते कागदावर तरी बसत नाही. मेनन यांचा थिमय्यांवर राग होता, ऑगस्ट १९५९ ला थिमय्यांनी राजीनामा दिला आणि मग मागे घेतला ते प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, थोरात थिमय्यांच्या जवळचे, त्यामुळे मनातून काय कारण असेल ते असेल. पण सीनियर माणसाला नेमलं याला अन्याय म्हणायचं असेल तर जपून म्हणा.

आणि ल्हासा वगैरे तर निव्वळ बडबड. थोरातांचा स्वतःचा प्लॅन बरोब्बर उलटा होता!

रोखठोक_९९:
सगळं खापर नेहरूंवरच फोडायला पाहिजे, एवढं समोर लिहून दिलं तरी झोपले होते. आजचं सरकार असतं तर

जुनाबाड:
रोखठोक, त्यासाठी शेजारी सातशे प्रतिसादांचा धागा चालू आहे, तिकडे जा राव. हा राहू दे.

आकडेमोड, उलटा म्हणजे काय ते लिहाच, लोकांना तेच कळत नाही. मी फक्त माझी तीन नावं पूर्ण करतो. कांगावला जे तिघे होते त्यातले थिमय्या लष्करप्रमुख म्हणून निवृत्त झाले, थोरात ईस्टर्न कमांडवरून निवृत्त झाले, आणि थोरातांच्या जागी ईस्टर्न कमांडला आले ते एल. पी. सेन. बासष्टला नेफाची लढाई झाली तेव्हा त्या कमांडचे प्रमुख सेन होते. म्हणजे थोरातांची योजना ज्या खुर्चीत तयार झाली त्याच खुर्चीत पुढे त्यांचा कांगावचा जोडीदार बसला होता, आणि तरी योजना वापरली गेली नाही. व्यक्ती बदलून सगळं बदलतं असं समजणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा, सेन काही भित्रे नव्हते, १९४७ ला श्रीनगर वाचवताना ब्रिगेड त्यांचीच होती.

आकडेमोड:
उलटा म्हणजे असा. मॅकमहोन रेषेवर (नेफाची तिबेटकडची सरहद्द) फक्त लहान चौक्या ठेवायच्या, त्यांचं काम बघायचं आणि खबर द्यायची, अडून बसायचं नाही. शत्रू आला की हळूहळू मागे यायचं, त्याला डोंगरांतून पुढे येऊ द्यायचं, आणि खरी लढाई नेफात बरंच आत असलेल्या बोमडिलासारख्या ठिकाणी द्यायची जिथे आपला रस्ता पोचतो. म्हणजे सरहद्दीजवळच्या तवांगसाठी जिवाच्या आकांताने लढायचं नाही. आता विचार करा, हे संसदेत कोण बोलणार? एक इंचही देणार नाही अशी भाषणं चालू असताना लखनौचा जनरल सांगतोय सुरुवातीला साठ-सत्तर मैल सोडा. आजसुद्धा कुणी असं लिहिलं तर त्याला टीव्हीवर देशद्रोही ठरवतील, आणि हाच जनरल त्या फॉरवर्डमध्ये ल्हासा जिंकणारा हिरो झालाय!

तोफखाना_निवृत्त:
आकडेमोड यांनी मुद्दा बरोबर पकडलाय. हे सगळं शेवटी रसदीवर येतं आणि रसद कुणाला रोमांचक वाटत नाही म्हणून फॉरवर्डमध्ये येत नाही.

रेषेवर माणूस नेऊन ठेवणं सोपं आहे हो, त्याला तिथे खायला घालणं अवघड. बासष्टला काय केलं, ७ नंबरची ब्रिगेड नामका चू नावाच्या नदीच्या खोऱ्यात उतरवली. रस्ता नाही, तवांगवरून दिवसच्या दिवस पायपीट. सगळं विमानातून टाकायचं, आणि पॅराशूटने टाकलेला माल अरुंद खोऱ्यात कुठे पडेल याचा नेम नाही, किती तरी दरीत जायचा, शोधायला जवान पाठवायचे, म्हणजे लढायला ठेवलेली माणसं पोती शोधत फिरणार. बऱ्याच जणांच्या अंगावर सुती कपडे, ऑक्टोबरमध्ये, त्या उंचीवर. दारूगोळा माणशी काय खिशात मावेल तेवढा. आणि चिनी वरच्या उतारावर, त्यांचा रस्ता जवळ. २० ऑक्टोबरला पहाटे हल्ला आला आणि सकाळ संपायच्या आत ब्रिगेड ब्रिगेड म्हणून उरली नाही. तिचे कमांडर ब्रिगेडियर दळवी कैद झाले. पुढे चार-पाच दिवसांत तवांग गेलं, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सेला आणि बोमडिला.

बोमडिलाही गेलंच मग थोरातांच्या योजनेचं काय, असं कुणी विचारेल. पण योजनेत बोमडिलाला ताजी, पोट भरलेली, दारूगोळा असलेली, जमीन ओळखणारी फौज बसलेली असणार होती. प्रत्यक्षात फौज तवांग, सेला, बोमडिला अशी तुकड्यातुकड्यांत पसरलेली आणि अर्धी आधीच पळापळीत. नकाशावर ठिकाण तेच, परिस्थिती वेगळी.

पण एक आहे, थोरातांना जेवढी फौज हवी होती तेवढी १९६० मध्ये द्यायची तर काश्मीर आणि पंजाबकडून काढून आणावी लागली असती किंवा नवी उभी करावी लागली असती. पैसा कुठे होता? त्यामुळे थोरात प्रमुख असते तर जिंकलो असतो असं मी तरी म्हणणार नाही. कमी वाईट हरलो असतो इतकं म्हणेन.

सदाफुली:
"कमी वाईट हरलो असतो" हे फॉरवर्ड कधीच होणार नाही 😄

एक विचारते, निवृत्तीनंतर नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं होतं हे खरं का?

जुनाबाड:
हो. बोमडिला पडल्यावर बोलावलं. थोरातांनी आत्मचरित्रात लिहिलंय (ते इंग्रजीत १९८६ ला आलं) की नेहरूंनी ते जुनं टिपण वाचलं आणि हे मला आधी का दाखवलं नाही असं विचारलं, तेव्हा याचं उत्तर मेननच देऊ शकतील असं थोरात म्हणाले. आता हे एका बाजूचं कथन आहे, खोलीत होते ते दोघे, त्यामुळे शब्दाला शब्द धरून बसू नका. पण राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर त्यांना आणि थिमय्यांना घेतलं ही नोंद आहे. तोवर मेनन यांचं मंत्रिपद गेलं होतं आणि आपले यशवंतराव हिमालयाच्या मदतीला निघाले होते.

मला विचाराल तर त्यांचं मोठेपण पुढच्या भागात दिसतं. एवढं खरं ठरल्यावर माणूस उरलेलं आयुष्य तेच वाजवत बसतो. हे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले, ते काम केलं, कोल्हापूरला राहिले आणि आत्मचरित्र लिहिलं ते ऐंशीच्या घरात आल्यावर. १९९२ ला गेले. 

पायवाट:
सगळ्यांचे खूप आभार. काकांना आत्ता आकडेमोड यांचा बोमडिलावाला प्रतिसाद पाठवलाय, त्यावर ते म्हणतात म्हणजे तू थोरातांना पळपुटे म्हणतेस का! आता त्यांना फोन करूनच समजवावं लागणार. भाचीने मात्र कोरियाच घ्यायचं ठरवलंय, हेलिकॉप्टरचं चित्र काढतेय. तिला पदकं पण लिहायचीत चार्टवर, कुठली कुठली होती?

तोफखाना_निवृत्त:
डीएसओ कांगावचा, १९४५ चा. कोरियानंतर पद्मश्री, आणि अशोक चक्र वर्ग दोन. यात मुलं हमखास गडबड करतात, नुसतं अशोक चक्र लिहून मोकळी होतात. वर्ग दोनचं नाव १९६७ मध्ये कीर्ती चक्र झालं, त्यामुळे आजच्या यादीत ते त्यांच्या नावापुढे कीर्ती चक्र असं दिसतं. चार्टवर कीर्ती चक्र लिहा आणि कंसात जुनं नाव. आणि हेलिकॉप्टर काढतेय तर खाली जहाजही काढायला सांगा, उड्डाण तिथूनच होतं.